काना

हडर्सफील्डच्या त्या प्राथमिक शाळेत
नोव्हेंबरचं मूल्य ठरलं : प्रामाणिकपणा.
ऑक्टोबरात 'आदर' होता. तो सोपा गेला,
तीन अक्षरं, एका पुठ्ठ्यात बसली.

मिसेस हॅटर्स्ली म्हणाल्या, तुमच्या भाषेतही लावा की,
भिंतीवर सगळी मुलं दिसायला हवीत.
पोलिश लागलं, उर्दू लागलं, कुर्दिश लागलं,
माझंच मावेना.
'प्रामाणिक' वरच्या ओळीत,
'पणा' खाली, रेडिएटरच्या डोक्यावर.
"केवढं लांब, मिस," टोबी क्रॉस्ली म्हणाला,
"तुमच्याकडे खरं बोलायला इतका वेळ लागतो?"

मी मदतनीस. पेन्सिलींना टोक काढते,
नाकं पुसते, बुटांच्या नाड्या बांधते.
माझा करार जुलैत संपतो
आणि सप्टेंबरात, झालाच तर, पुन्हा सुरू होतो.
जळगावच्या बहिणीला फोनवर
'शिक्षिका' असं सांगून ठेवलंय.

खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून
घेवड्याचे तीस कोंब.
नोव्हेंबरात कुणी घेवडा लावतं का?
पण शाळेचे ऋतू फळ्यावर ठरतात.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर
एक डबा फरशीवर. शिलानचा.
माती, मोडलेला कोंब, तिच्या नावाची पट्टी.

मिसेस हॅटर्स्लींनी आवाज चढवला नाही.
त्या कधीच चढवत नाहीत.
म्हणाल्या, रागावणार नाही मी कुणाला.
जो खरं सांगेल, त्याला सोनेरी तारा.

टोबीचा हात वर.
"मी पाडला."
छातीवर तारा. टाळ्या.

टोबी सगळी सुट्टी माझ्याजवळ होता,
ऑफिसबाहेरच्या बाकावर, घोळणा फुटलेला.
त्याचं नाक चिमटीत धरून
मी साठपर्यंत मोजत होते,
आणि तो मध्येच बोलून मला चुकवत होता.

आणि खिडकी.
खिडकी मी उघडली होती, सुट्टीच्या आधी,
ओल्या कोटांचा कुबट वास जावा म्हणून.
उघडली आणि विसरले.
इथला वारा माळावरून सुटला की
दार वाजवून आत येत नाही.

तीस मुलं टाळ्या वाजवत होती.
मीही वाजवल्या.

साडेतीनलाच अंधारून आलं.
सांगायला गेले होते, खरंच गेले होते.
मिसेस हॅटर्स्ली स्टाफरूममध्ये कप विसळत होत्या.
पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"टोबीचा पहिला तारा, माहितेय? दोन वर्षांतला पहिला.
मी घरी फोन केला. आई रडायलाच लागली त्याची."
मी फडकं घेतलं
आणि कप पुसले. सहा होते.

दुसऱ्या दिवसापासून टोबी खिडकीशी.
कुणाचं कोपर जरी डब्यांकडे गेलं
तरी अंगावर धावून जायचा.
आपला डबा त्यानं शिलानला दिला,
आपलं नाव खोडून वर तिचं लिहिलं,
स्पेलिंग चुकवून.
खोटं कुठे संपलं आणि हे कुठून सुरू झालं,
मला सांगता येणार नाही.
तारा मात्र त्यानं स्वेटरवरून काढून
आतल्या शर्टाला चिकटवलाय. पीटीच्या वेळी दिसला.

शुक्रवारी रेडिएटरच्या धगीनं डिंक सुटला,
'पणा'चा काना गळून पडला.
वर 'प्रामाणिक'.
खाली 'पण'.
अख्ख्या शाळेत ते वाचता येणारी मी एकटी.
मी वाचलं.
दूध वाटताना वाचलं, खुर्च्या उलट्या ठेवताना वाचलं.

घरी जायच्या वेळी शिलान आली,
कोटाची बटणं एकेक घर चुकलेली,
मुठीत निळ्या पुठ्ठ्याची काठी.
"मिस, तुझं," म्हणाली. एवढंच येतं तिला अजून.
आणि भिंतीकडे बोट केलं,
बरोबर 'ण'च्या पुढे, जिथे काही नव्हतं तिथे.

मी काना कार्डिगनच्या खिशात ठेवला.
कडक आहे, बसताना मांडीला टोचतो.
डिंकाची बाटली कपाटात दुसऱ्या फळीवर असते.
सोमवारी मिसेस हॅटर्स्ली लवकर येतात,
पावणेआठला.